हसता हसता रडू आलं, त्यात चुकलं काय?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. फेब्रुवारीत माझे बाबा गेले. आई आधीच गेलेली. नाशिकचं घर विकायचं ठरलं, म्हणून मागच्या महिन्यात शनिवार-रविवार मी आणि दादा ते रिकामं करायला गेलो. भांडी, गाद्या, कागदपत्रं, भंगारवाला, सगळं दोन दिवसांत उरकलं. तिथे माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रविवारी परतताना एसटी कसाऱ्याच्या घाटात अडकली, घरी पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचा मेसेज आला, ‘खिचडी टाकलीय, जेवायला ये, एखादा सिनेमा लावू.’ गेले. आम्ही ‘व्हेंटिलेटर’ पाहिला. पहिला तासभर दोघी पोट धरधरून हसलो. नंतर मला जो हुंदका आला तो सिनेमा संपेपर्यंत थांबलाच नाही. मैत्रीण काही बोलली नाही. नवरा म्हणाला, ‘बाबांच्या घरात रडली नाहीस आणि सिनेमा बघून रडलीस?’ वहिनीच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबांचं वर्षसुद्धा झालं नाही, आणि त्याच दिवशी विनोदी सिनेमा?’ तेव्हापासून मी मैत्रिणीला टाळतेय. तिच्यासमोर जायची लाज वाटते. तिला काय सांगू? माझं खरंच चुकलं का?

– एक वाचक, ठाणे

ताई,

तुम्ही विचारलेलं आधी सांगते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. मैत्रिणीला खुलासा द्यायचीही गरज नाही. पण तिला टाळताय ना, ते आजच्या आज थांबवा. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती एवढ्या एकाच गोष्टीची, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

नाशिकला रडू का आलं नाही, हे आधी बघू. आईवडिलांचं घर ज्यांनी रिकामं केलंय त्यांना हे काम काय असतं ते ठाऊक असतं. तिथे प्रत्येक वस्तू हातात घेऊन निकाल द्यावा लागतो: ठेवायची, द्यायची की भंगारात. तुम्ही पत्रात ‘भांडी’ एवढंच लिहिलंय, पण आपल्याकडच्या त्या पिढीच्या घरातली भांडी म्हणजे काय ते मला दिसतं. स्टीलच्या डब्यांवर, ताटांच्या काठावर टोचून घातलेली नावं. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, मुंजीत कुणी दिलं, खाली तारीख. आईचं नाव आणि पुढे बाबांचं नाव असलेला डबा भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो आणि किलोच्या भावाने जातो. त्या वेळी तुम्ही रडत बसला असतात तर काटा कोणी बघितला असता? कपाटातल्या फायली, रबर लावलेल्या जुन्या पावत्या, पासबुकं, वीजमंडळाची बिलं, चष्म्याची रिकामी घरं यांतून कामाचे कागद कोणी वेगळे केले असते? तुम्ही आणि दादा कामावर होतात. हातात काम असताना माणूस दुःख बाजूला ठेवतो, ते काही त्याला दुःख नसतं म्हणून नव्हे. स्वयंपाकघरात, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा आपल्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. आधी सगळ्यांना चहा, मग स्वतःचं रडणं.

मग रविवारी रात्री काम संपलं. पोटात गरम खिचडी गेली. बाजूला विश्वासाचं माणूस होतं, कोणी काही विचारत नव्हतं. आणि समोर जो सिनेमा लागला तो नेमका असा होता.

राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ २०१६ साली आला, त्याच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरातले म्हातारे काका अत्यवस्थ आहेत, व्हेंटिलेटरवर. गणपती तोंडावर आलेत. गावाकडून, शहरातून सगळा गोतावळा हॉस्पिटलात येऊन धडकतो. काकांची काळजी सगळ्यांनाच आहे, पण सुतक आलं तर गणपतीचं काय, हीही काळजी आहे. या गोतावळ्याला आपण हसतो, कारण तो आपलाच असतो. हॉस्पिटलच्या लॉबीत डबे उघडणारी मावशी, डॉक्टरपेक्षा जास्त कळणारा दूरचा भाऊ, जुनी भांडणं उकरून काढणारे काका आपण प्रत्येकाने पाहिलेले आहेत. आणि हसण्याच्या भरात असतानाच तो सिनेमा हळूहळू बाप आणि मुलगा यांच्यात न बोललेल्या गोष्टींकडे वळतो. जितेंद्र जोशी आणि आशुतोष गोवारीकर यांची कामं तिथे अशी झाली आहेत की ज्याचे वडील हयात आहेत त्यालासुद्धा घरी फोन करावासा वाटतो. तुमचे वडील जाऊन सात-आठ महिनेही झाले नव्हते. त्यांच्या घराला त्या दिवशी तुम्ही कुलूप लावून आला होतात. तुम्हाला रडू आलं नसतं तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

आधी हसलात म्हणूनच रडू शकलात, असं माझं ठाम मत आहे. नुसता दुःखी सिनेमा असता तर त्या दमलेल्या अवस्थेत तुम्ही दहा मिनिटांत ‘नको गं, दुसरं काहीतरी लाव’ म्हटलं असतंत, किंवा अंग आकसून बसून राहिला असतात. नुसता धांगडधिंगा असता तर सोफ्यावरच झोप लागली असती. हसताना खांदे सैल पडतात, श्वास मोकळा होतो, दोन दिवस आवळून धरलेलं सुटतं. कडूगोड विनोदी सिनेमाची ताकद ही आहे. तो दार ठोठावत नाही, गप्पा मारत मारत आत येऊन बसतो.

आता वहिनींबद्दल. त्यांच्या बोलण्याचा राग धरू नका. ‘वर्ष झालं नाही’ हे त्या मायेपोटीही म्हणत असतील. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण साजरा न करणं, नवं काही न घेणं ही आपल्याकडची रीत आहे, आणि कित्येकांना त्या रीतीचा आधार वाटतो. सासरे गेल्यावर सुनेने ती पाळली तर त्यात वावगं काही नाही. पण हसण्याला बंदी ही त्या रीतीत कुठे बसते? याच परंपरेत तेराव्याला गोडाचं जेवण करतात. इतके दिवस अळणी राहिलेल्या घरात पुन्हा गोड शिजतं, पाहुणे पंगतीला बसतात, आणि जेवणं झाल्यावर कुणीतरी गेलेल्या माणसाची एखादी गंमत सांगतं. सगळे खळखळून हसतात, हसता हसता डोळे पुसतात. असं तेरावं प्रत्येक मराठी माणसाने पाहिलंय. तेव्हा कुणी म्हणत नाही की ही माणसं निर्दय आहेत.

आपल्या रंगभूमीने तर मरणावर उघड उघड हसून दाखवलंय. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४ सालचं. त्यात मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, आणि प्रेक्षक हसता हसता अस्वस्थ होतो. तेच आळेकर ‘व्हेंटिलेटर’मध्ये वडीलधाऱ्याच्या भूमिकेत दिसतात. फार मागे जायचं तर नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरतमुनींनी नाट्य कोणासाठी ते सांगून ठेवलंय. दुःखाने पोळलेले, शोकात बुडालेले, आणि श्रमाने थकलेले, या सगळ्यांना विसावा देण्यासाठी. थकलेल्यांचा वेगळा उल्लेख तिथे आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या रविवारी तुम्ही तिन्ही होतात. वहिनींना हे श्लोक ऐकवायला जाऊ नका. एवढंच सांगा, ‘बाबांच्या आठवणीनेच रडले गं, सिनेमा निमित्त झाला.’ त्यांना ते कळेल.

यजमानांचं बोलणं वेगळं आहे. त्यात टोमणा असेल, पण थोडा दुखावलेपणाही असावा. बायकोने बाप गमावलाय, ती रडत नाहीये, तिला कसं सावरायचं हे त्यांना महिनोन्महिने कळलेलं नसेल. आणि शेवटी ती मोकळी झाली ती दुसऱ्याच्या घरी, टीव्हीसमोर. त्यांना वाटलं असेल, माझ्यापाशी का नाही? हा माझा अंदाज आहे, माणूस तुम्ही ओळखता. पण एखाद्या रात्री दिवा मालवल्यावर त्यांना सांगून बघा की नाशिकला रडायला वेळच नव्हता. तो डबा काट्यावर चढला तेव्हा काय वाटलं तेही सांगा. भांडणाच्या सुरात नको, वादात जिंकायलाही नको. बहुतेक ते काही बोलणार नाहीत. गप्प बसून ऐकलं तरी खूप झालं.

आता मैत्रीण. तुम्ही म्हणता, ती काही बोलली नाही. ताई, दमून आलेल्या माणसाला ‘काय झालं, कसं झालं, घर केवढ्याला गेलं’ असं न विचारता खिचडी टाकणारी, सिनेमा लावणारी, हुंदका आल्यावर सिनेमा बंद न करणारी, पाणी आणायच्या निमित्ताने उठून न जाणारी माणसं फार थोडी असतात. आपल्याकडे कुणी रडायला लागलं की चार जण धावतात आणि ‘रडू नको, रडू नको’ म्हणत त्याचं रडणं बंद पाडतात. तिने तुम्हाला रडू दिलं. तिला सुचलं नाही म्हणून ती गप्प बसली असेल असं मला वाटत नाही. तुम्ही कुठून आला आहात हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिने बोलावलं.

आणि आता तिच्या बाजूने बघा. त्या रात्री तुम्ही रडत घरी गेलात. नंतर फोन नाही, मेसेज नाही, खाली भेटलात तर घाईत आहे म्हणून निघून गेलात. तिला काय वाटत असेल? मला जवळजवळ खात्री आहे की ती स्वतःला दोष देत असणार. ‘हिचे वडील गेलेत आणि मी हॉस्पिटलचा सिनेमा लावला. कुठून अवदसा आठवली!’ तुम्हाला लाज वाटतेय आणि तिला अपराधी वाटतंय. दोघी आपापल्या घरात बसून एकमेकींची माफी मागताय, आणि एकीचंही दुसरीपर्यंत पोचत नाहीये. म्हणून म्हणते, आज थांबवा. लांबलचक मेसेज लिहू नका. ‘त्या दिवशी तू तो सिनेमा लावलास ते फार बरं झालं. रविवारी माझ्याकडे ये, या वेळी सिनेमा मी लावते,’ एवढं पुरे. ‘सॉरी’ हा शब्द त्यात नको. तुम्ही सॉरी म्हटलंत की तीही म्हणणार, आणि त्या रात्री जे चांगलं घडलं त्याची दोघी मिळून चूक करून टाकाल.

सोबत बसून असा सिनेमा पाहिल्याने माणसं जवळ येतात, हे नुसतं माझं म्हणणं नाही. ऑक्सफर्डमध्ये रॉबिन डनबार हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. हसण्यावरचा प्रयोग आधीचा. त्यात मनापासून हसल्यावर माणसांची वेदना सोसायची ताकद वाढलेली दिसली. मग २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी अनोळखी लोकांच्या गटांना एकत्र बसवून काहींना मन हेलावणारा सिनेमा दाखवला, काहींना साधे माहितीपट. सिनेमाच्या आधी आणि नंतर सगळ्यांना भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायला सांगितलं. मांड्या भरून येईपर्यंत कोण किती वेळ टिकतं ते मोजलं. हेलावून टाकणारा सिनेमा पाहिलेल्यांची सहनशक्ती सरासरीने वाढली होती, आणि शेजारी बसलेल्या परक्या माणसांबद्दल त्यांना जास्त जवळीक वाटत होती. शरीरात तयार होणाऱ्या, वेदना कमी करणाऱ्या एंडॉर्फिन या रसायनांमुळे हे होत असावं, असं त्यांचं म्हणणं. परक्यांच्या बाबतीत हे, तर इतक्या वर्षांच्या मैत्रिणीबरोबर हसून आणि रडून तुमचं काय झालं असेल? नातं अवघडायच्या ऐवजी घट्ट व्हायला हवं होतं. ते झालंही आहे, तुम्ही तिला भेटलात की कळेल.

तर पुढचा रविवार तुमच्या घरी. मुद्दाम तुमच्या घरी म्हणते, कारण मग खिचडी टाकणारी तुम्ही असाल. मागच्या वेळी तिने तुम्हाला सांभाळलं. तिच्याही आयुष्यात काहीतरी चालू असेलच, तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. या वेळी कदाचित तिला रडू येईल. आलं तर तुम्हाला काय करायचं ते माहीत आहे: सिनेमा चालू ठेवायचा.

कोणता लावायचा? ‘एलिझाबेथ एकादशी’ पाहिला नसेल तर तो. परेश मोकाशी यांचा, २०१४ सालचा, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळालेला. पंढरपुरातली दोन भावंडं, ज्ञानेश आणि झेंडू. वडील हयात नाहीत. त्यांनी मुलासाठी तयार केलेली एक सायकल घरात आहे, तिचं नाव एलिझाबेथ. कर्जापायी आईचं स्वेटर विणायचं मशीन जप्त होतं, पैशांसाठी ती सायकल विकायची वेळ येते, आणि ती वाचवण्यासाठी पोरं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. पोरांच्या तोंडचे संवाद ऐकून तुम्ही हसून हसून बेजार व्हाल. पण गेलेल्या वडिलांच्या हातची वस्तू विकायची की ठेवायची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाशिकहून आल्यावर तुम्हाला तो झेपेल असं मला वाटतं. झेपणार नसेल तर थोडा हलका घ्या, मोकाशींचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला सिनेमा कसा काढला त्याची गोष्ट. दादासाहेब फाळके म्हणजे तुमच्या नाशिकचेच, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १९४४ साली शेवटही नाशिकलाच. घरातलं सामान विकून सिनेमाच्या मागे लागलेला माणूस आणि त्याला सर्व बाजूंनी साथ देणारी सरस्वतीबाई. हसू सतत येतं आणि त्या संसाराची काळजीही वाटत राहते. संवाद ऐकायचीसुद्धा ताकद नसेल अशा रात्रीसाठी चॅप्लिनचा ‘द किड’ ठेवा. १९२१ सालचा मूकपट आहे, साधारण तासाभरात संपतो. त्या आधी दोनच वर्षं चॅप्लिनचं तान्हं बाळ जन्मल्यावर तीन दिवसांत गेलं होतं. सिनेमात त्याने रस्त्यावर सापडलेल्या पोराला उराशी धरलेलं बघताना हे ध्यानात असलं की विनोद वेगळाच दिसतो.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. सिनेमा साडेआठ-नऊला सुरू करा, सोमवारी तुम्हाला बँक आहे. कोणता लावायचा ते आधी ठरवून ठेवा. दमलेली माणसं रिमोट घेऊन अर्धा तास शोधत बसतात आणि मग भलतंच काहीतरी बघतात. फोन दुसऱ्या खोलीत. यजमानांना बसायचं असेल तर बसू द्या, मध्ये मध्ये कथा समजावून सांगायला लागले तर चहा करायला पाठवा. संपल्यावर लगेच दिवे लावू नका. आणि ‘तुला कुठे रडू आलं, का आलं’ असलं एकमेकींना विचारू नका. कुणाचं काम आवडलं, कोण जास्त झालं, एवढ्या गप्पा भरपूर.

शरीर अगदीच गेलेलं असेल तेव्हा मात्र आधी झोप. सिनेमा पुढच्या आठवड्यातही बघता येतो. आणि एक महत्त्वाचं. त्या रात्रीनंतर हलकं वाटत असेल तर काळजीचं काही नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्षच राहत नसेल, तर तेवढ्यावर सोडू नका. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, १४४१६ या नंबरवर फोन केला की मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

राहता राहिला तुमचा दादा. पत्रात तो ‘मी आणि दादा’ एवढाच आला आणि नंतर दिसलाच नाही. ते दोन दिवस त्यानेही काढले. गाद्या त्यानेच उतरवल्या असतील, भंगारवाल्याशी भाव त्यानेच केला असेल. तो घरी गेल्यावर त्याच्यासाठी कुणी सिनेमा लावला का? त्याला फोन करा. घराच्या व्यवहाराचं, कागदांचं बोलणं झालं की सहज सांगा, ‘व्हेंटिलेटर बघ रे एकदा, मी बघितला आणि खूप रडले.’ बघायचा की नाही ते तो ठरवेल. वहिनी बसल्या त्याच्या शेजारी तर फारच उत्तम.